धनाजी वस्तादाची मूठ

माज्या नवऱ्याशी हात मिळवायला माणसं दोनदा घाबरली. आधी त्यांच्या जोराला, मग त्यांच्या कातडीला. दोन्ही वेळंला मी जवळ व्हते, म्हणून बोलायचा हक मला हाय. मालक स्वतः काय सांगणार न्हाईत. त्यांच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे म्हशीच्या तोंडातनं कडबा ओढायचा.

मी रत्ना. विंझरपासनं आत आमची वाडी हाय. भाताची थोडी खाचरं हायत, आन् शनिवार-रविवार मी पालीला राजगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरीचं दुकान लावते. गड उतरून आलेली पोरं "मावशी, अजून एक वाढा" म्हणत्यात, माजा हात चालू असतो आन् तोंड बी. मालक म्हणत्यात, तुज्या तोंडाला सुट्टी कवा? म्या म्हणते, तुमचं तोंड कायमचं रजेवर हाय, त्याची पाळी बी मलाच करावी लागती!

तर माजे मालक, धनाजी पैलवान. आमच्या भोर-वेल्ह्याच्या जत्रांत नारळाच्या कुस्तीपासनं ते शेवटच्या कुस्तीपातुर चढत गेलेला गडी. डावपेच फार न्हाईत, पण मूठ! एकदा मनगट धरलं की समोरच्याची सुटका न्हाई. मला बघायला आले तवा चहाच्या कपाचा कानच त्यांच्या हातात तुटून आला. माजी आजी आत येऊन म्हणाली, "आगं बया, ह्याला पोरगी द्यायची का लोखंडाची तिजोरी?" मला मात्र तो लाजून लाल झालेला गडी तितंच आवडला. खोटं कशाला बोलू.

सासरे गेनबा वस्ताद. मारुतीच्या देवळाला लागून त्यांची तालीम. तालमीतल्या हौद्याची लाल माती म्हंजे मामंजींचा देव. चाळून चाळून मैद्यासारखी करायची, त्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालायचा, आन् ती मळायची सुद्धा पोरांकडनंच. कुणाला पुळ्या आल्या, घामोळं आलं, की मामंजी म्हणायचे, "माती लाव." ताप आला तरी माती. मोडलेल्या लग्नावर तेवढी माती लावली न्हाई त्यांनी. पण पोरांच्या पुळ्या जायच्या हे बी खरं, त्यामुळं त्यांच्या मातीवर संशय घ्यायची कुणाची छाती न्हवती.

लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मालकांच्या कोपरावर लाल चट्टा आला. वर पांढऱ्या खपल्या, कोंडा पडल्यागत. मग गुडघ्यावर, मग डोक्यात, मग तळहातावर. मामंजींनी बघितलं आन् हुकूम सोडला, "घासून लाव. रगात दिसंपातुर घास. रगात आलं म्हंजे रोग भायेर पडला समजायचं."

आन् ह्यांनी घासलं. रोज. पहाटे तालमीत जायचं आन् ती माती चट्ट्यावर दगडानं घासल्यागत घासायची. एका चट्ट्याचे चार झाले तर मामंजी म्हणायचे, "बघा, आतला रोग कसा वर यायलाय!" लई वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ह्या आजारात जितं कातडी घासली, सोलली, तितं नवा चट्टा उठतो. म्हंजे आमी औषध म्हणून रोज रोगाची पेरणी करत व्हतो. तालमीतल्या माणसांखेरीज असा मूर्खपणा दुसऱ्या कुणाला सुचायचा न्हाई.

मग ती जत्रा आली. कुठल्या गावची ते सांगत न्हाई, तितल्या लोकांनी बी काय मुद्दाम केलं न्हाई. कुस्ती लागायच्या आधी दोघं पैलवान चिमूट चिमूट माती एकमेकांच्या हातात देत्यात, हात मिळवत्यात, मग सलामी. मालकांनी माती पुढं केली. समोरच्यानं त्यांचा तळहात बघितला आन् आपला हात मागं घेतला. पंच मधी उभे. हलगी थांबली. गर्दीतनं कुणीतरी बोललं, "महारोग हाय त्याला!" मालक वाकले, चिमटीतली माती परत हौद्यात ठेवली, सदरा घातला आन् घरी चालत आले. त्या दिवसापासनं ते कुस्तीला उतरले न्हाईत. माज्या जिवाची काय आग झाली म्हणून सांगू! वाटलं, त्या गर्दीत घुसावं आन् एकेकाच्या कानफटात हाणावी.

मग ते पोरांना शिकवायला लागले. पण हौद्याच्या भायेर उभं राहून, लांब बाह्यांच्या शर्टात, हात खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत्यात, पण झाकलेली मूठ आतल्या आत काय व्हत चाललीय ते बघणार कोण? सकाळी उठलं की त्यांचं अंग आखडलेलं असायचं. बोटं सुजायची. मग बोटं वाकायला लागली. शर्टाची बटणं मी लावायला लागले. ज्यानं कपाचा कान तोडला त्या माणसाला कप दोन्ही हातांनी धरावा लागायला लागला.

"दवाखान्यात चला," मी म्हणायचे.

"बघू."

ह्या "बघू"नं आमच्या घराचं जेवढं नुकसान केलं तेवढं रानडुकरांनी भाताचं केलं न्हाई. मधी एका बाबाची पुडी घेतली. महिनाभर कातडी नव्यासारखी. मी नवस फेडायची तयारी केली. पुडी थांबवली आन् अंगभर असं उसळून आलं की तापानं फणफणले. डॉक्टरीणबाई पुढं म्हणाल्या, त्या पुडीत स्टेरॉइड असणार. तवा मात्र मी मालकांना विचारलं बी न्हाई. अंगावर चादर गुंडाळली, एसटीत बसवलं आन् भोरला नेलं. मामंजी मागनं वरडत व्हते, "अगं, माती तरी सोबत न्ये!"

भोरला पुण्याहून आठवड्याला एक कातडीच्या डॉक्टर यायच्या. शुभ्रा त्यांचं नाव. पोरगीच वाटायची. मला वाटलं, ही काय करणार? त्यांनी आधी काय केलं असंल तर मालकांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मोजे न घालता. मालकांनी हात मागं ओढला तर म्हणाल्या, "धनाजीराव, हा सोरायसिस आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या शरीराचीच राखण करणारी फौज उलटून तुमच्यावर चालून गेलीय. कातडीवर दिसतंय तेच आत सांध्यात चाललंय. आजार एकच आहे."

मालकांचे डोळे भरले. बाकीची औषधं नंतर सुरू झाली, पण माज्या मते पहिलं औषध त्यांना तितंच मिळालं.

गोळ्या झाल्या, त्या पुरल्या न्हाईत. मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं आन् तितं ती उलटलेली फौज आवरणारं बायोलॉजिकचं इंजेक्शन सुरू झालं. खर्चाची सोय तितल्या एका बाईंनी ट्रस्टकडनं करून दिली, देव त्यांचं भलं करो. दोन-तीन महिन्यांत खपल्या गेल्या, चट्टे गेले. एवढ्या वर्षांनी मला माज्या नवऱ्याची पाठ कशी हाय ते दिसलं! सकाळचं आखडणं कमी झालं, दुखणं कमी झालं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ते विंझरच्या बाजारात गेले. मी शेजारणीला हाक मारून दाखवलं, "बघ गं, माजा नवरा!" ती म्हणाली, "का, आधी कुणाचा व्हता?"

पण बोटं वाकलेली ती वाकलेलीच. मालकांनी त्यांच्या आयुष्यातला एकच प्रश्न डॉक्टरांना विचारला. हात पुढं केला आन् म्हणाले, "ही?"

शुभ्रा डॉक्टरांनी एक एक सांधा दाबून बघितला. मग म्हणाल्या, "सूज मी उतरवू शकते. दुखणं कमी करू शकते. पण हाड झिजून सांधा वाकला, तो परत सरळ करणारं औषध माझ्याकडे नाही. तुम्ही लवकर आला असतात तर..." आन् पुढचं बोलल्या न्हाईत. मालक परतीच्या वाटंला खिडकीतनं भायेर बघत राहिले. मी बी त्या दिवशी तोंड उघडलं न्हाई. आता तुमीच समजा, किती वाईट वाटलं असंल.

आमची एकुलती एक लेक, प्रेरणा. भोरला कॉलेजात शिकती आन् तितंच मॅटवर कुस्ती खेळती. तिला पहिल्यांदा हौद्यात उतरवली ती मामंजींनी. गावातले म्हातारे कुजबुजले, पोरीची जात आन् कुस्ती? मामंजींनी काठी आपटली, "माती काय पोरगा-पोरगी इचारती व्हय रं?" म्हातारा ह्या बाबतीत काळाच्या पुढं. औषधाच्या बाबतीत मात्र काळाच्या पार मागं.

प्रेरणाची मूठ बापाची. पण तिच्यापाशी डोकं बी हाय, ते माजं. एका निवड चाचणीसाठी तिनं वर्षभर घाम गाळला. आन् चाचणीच्या सकाळी रडत घरी आली. वजन करणाऱ्या बाईंनी तिचं कोपर बघितलं, कानामागचं बघितलं आन् सांगितलं, कातडीचा रोग पसरणारा न्हाई असं डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय मॅटवर पाय ठेवायचा न्हाई. नियमच हाय तो, बाईंचं काय चुकलं? पण मी पोरीची बाही वर सारली. कोपर? कानामागं? कवापासनं?

मग समदं भायेर आलं. कितीतरी महिन्यांपासनं तिला चट्टे व्हते. आमाला सांगितलं न्हाई, आजोबाला सांगितलं. आन् आजोबा नातीला गुपचूप तालमीत बसवून काय करत व्हते? माती घासत व्हते!

सासऱ्यापुढं मी कवा आवाज चढवला न्हवता. डोक्यावरचा पदर कवा ढळू दिला न्हवता. त्या दिवशी पदर कुठं गेला मला ठाव न्हाई. "मामंजी," म्या म्हणलं, "ल्योक मातीत घातला, आता नातीला बी घालताय व्हय? एवढं घडलं ते डोळ्यानं दिसलं न्हाई तुमाला?"

प्रेरणा म्हणाली, "आबांना बोलू नको आई. म्याच सांगितलं व्हतं लाव म्हणून. मला पेशंट व्हायचं न्हाई."

मालक इतका वेळ खांबाला टेकून उभे व्हते. ते पुढं आले, पोरीचा उजवा हात हातात घेतला आन् एक एक बोट बघायला लागले. नखांवर सुईनं टोचल्यागत बारके खड्डे व्हते. मधलं बोट मुळापासनं टोकापातुर सुजून लांबड्या वांग्यासारखं झालं व्हतं. "हे कुस्तीत मुरगळलंय पप्पा," पोरगी म्हणाली. मालकांचा चेहरा असा पडला की मला तेवढ्यातच समजलं. त्यांचं बी असंच सुरू झालं व्हतं, एका बोटापासनं.

मी वाट बघत व्हते, आता "बघू" म्हणत्यात. ते म्हणाले, "उद्या. भोर."

शुभ्रा डॉक्टरांनी पसरणारा रोग न्हाई असं पत्र दिलं. मलम दिलं, आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. कुस्तीनंतर लगेच आंघोळ, टॉवेल स्वतःचाच, ओरबाडायचं अजिबात न्हाई. कोपरं जरा निवळली. पण गोळ्यांनी पोरीचं पोट ढवळायला लागलं, लिव्हरचा रिपोर्ट वाढला, आन् बोट जितल्या तितं. पुण्याच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. सांध्यात सूज हाय, म्हणाले, पण हाड अजून शाबूत हाय.

शुभ्रा डॉक्टरांनी आमाला समोर बसवून सांगितलं, "पूर्वी आम्हीही थांबायचो. आधी हे करू, मग ते करू, अगदीच काही उरलं नाही की इंजेक्शन. पण सांध्याला हात घातलेल्या आजारात थांबण्याची किंमत मोजावी लागते, ती तुम्ही घरात बघताय. प्रेरणाला आत्ता सुरू करावं असं मला वाटतं. पुढे जाऊन काहींचे डोस लांबवता येतात, काहींचे येत नाहीत. तुझं काय होईल ते मी आज छातीठोक सांगणार नाही. पण आज तुझं हाड चांगलं आहे, एवढं मात्र नक्की सांगते."

मला वाटलं, झालं, सुटलो. कसलं काय! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पोरगीच आडवी आली. पुढची निवड चाचणी जवळ आलीय. आधी टीबीची तपासणी, मग इंजेक्शन, मधी ताप आला तर? डोपिंगमधी धरलं तर? डॉक्टरांनी खेळाडूंच्या डॉक्टरला विचारून सांगितलं की हे औषध बंदीतलं न्हाई. तरी न्हाई. "हंगाम होऊ दे, मग घेईन. पप्पा एवढी वर्षं थांबले, मी थोडे महिने थांबले तर काय मरते? एकदा सुई लागली की जन्माची सुई. मला पप्पांसारखं व्हायचं न्हाई."

तिला काय म्हणायचं व्हतं ते मला कळलं. मालकांना ते कसं लागलं ते बी कळलं.

मामंजी लगेच तिच्या बाजूला. "रोगापरीस इलाज भारी. पोरीचं लगीन व्हायचंय. सुया घेती म्हणल्यावर कोण करून घील?" म्या म्हणलं, वाकड्या बोटाची करून घेत्यात का? ते उठून तालमीत गेले. मी पोरीला गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, देवाची आण घातली, जेवण सोडलं. ती माज्यापुढं ताट ठेवायची आन् म्हणायची, "खा आई, तुजं पित्त वाढतंय." माजं एवढं चालणारं तोंड, पण त्या दिवसांत त्याचा एक शब्द कामाला आला न्हाई. आन् तिकडं तिचं दुसरं बोट बी सकाळी आखडायला लागलं. दूध ओतताना ती डाव्या हातानं पातेलं धरायची. तिला वाटायचं, आईला दिसत न्हाई.

एक दिवस संध्याकाळी मालक तिला म्हणाले, "तालमीत चल."

मी पीठ मळत व्हते, ते तसंच टाकून मागनं गेले. मामंजी कट्ट्यावर बसले व्हते. मालकांनी चपला काढल्या, शर्ट काढला आन् हौद्यात उतरले. किती वर्षांनी! ते मातीला हात लावून पाया पडले. प्रेरणा समोर उभी राहिली, घोटाळलेली.

"मी तुजं मनगट धरतो," मालक म्हणाले. "सोडवून घे."

"पप्पा, काय हे..."

"सोडवून घे म्हणतो."

त्यांनी धरलं. मी त्यांच्या मानंच्या शिरा बघत व्हते. दात आवळलेले, दंड थरथरायला लागला, वाकडी बोटं त्या पोरीच्या मनगटावर कशीबशी टेकली व्हती. प्रेरणानं हात मागं घेतला. झटका बी द्यावा लागला न्हाई. नुसता निघाला.

"परत," मालक म्हणाले.

त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. परत निघाला.

"परत."

"पप्पा, बास!" पोरगी रडायला लागली. "बास करा. म्या न्हाई सोडवणार."

मालकांना धाप लागली व्हती. ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण बोलले. "माजी कातडी बघ. बघ नीट. साफ हाय का न्हाई? औषध चांगलं हाय, पोरी. लई चांगलं हाय. पण म्या त्याच्याकडं उशिरा गेलो. कातडी परत आली, मूठ न्हाई आली. तू म्हणतीस तुला माज्यासारखं व्हायचं न्हाई. मला बी तेच पायजे. म्हणूनच आत्ता घे. तू कुस्ती हर, जीक, सोडून दे, माजं काय म्हणणं न्हाई. पण तुजा हात तुजा राहू दे."

मामंजी कट्ट्यावरनं उठले, काठी टेकत खाली आले. त्यांनी मालकांचा हात धरला. बोटं वाकल्यापासनं एवढ्या जवळनं त्यांनी तो कवा बघितला असंल असं मला वाटत न्हाई. एक वाकडं बोट ते अंगठ्यानं सरळ करायला लागले, हळूहळू, पण ते व्हईना. मग म्हणाले, "म्या घासाया लावलं रं तुला." मालक म्हणाले, "जाऊ द्या आबा." म्हाताऱ्यानं नातीकडं बघितलं. "जा. घे ती सुई. आबा सांगतो."

सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणत्यात. आमच्या म्हाताऱ्याचा गेला बाबा! मी पदराला नाक पुसलं आन् पीठ वाळत पडलंय म्हणून घरी पळाले.

तपासण्या झाल्या, टीबी न्हाई निघाला, आन् पुण्यात पहिलं इंजेक्शन झालं. ती चाचणी हुकली. पोरीनं त्या दिवशी उशीत तोंड घालून रडून घेतलं, मी रडू दिलं. पुढची इंजेक्शनं ती स्वतःची स्वतः मांडीत घ्यायला शिकली. मला बघवत न्हाई, मी परसात जाते. औषध थंड ठेवावं लागतं, आन् आमच्याकडची लाईट म्हंजे पाव्हणी, आली तर आली. म्हणून ते भोरच्या मेडिकलच्या फ्रिजमधी ठेवतो आन् लागंल तवा बर्फाच्या डब्यातनं आणतो. आणायला मामंजी जात्यात. एसटीत तो डबा मांडीवर घेऊन बसत्यात, कुणाला हात लावू देत न्हाईत.

बोट एकदम उतरलं न्हाई. आधी सकाळचं आखडणं गेलं. मग कोपरं साफ झाली. मग एक दिवस तिनं भाकरी थापली, दोन्ही हातांनी, आन् माज्याकडं न बघता म्हणाली, "दुखलं न्हाई." मी बी तिच्याकडं न बघता म्हणलं, "जरा पातळ थाप." पुण्याच्या डॉक्टरांनी परत सोनोग्राफी केली. सूज गेलीय, हाड हाय तसं हाय, म्हणाले. मात्र उड्या मारू नका, तपासणीला येत राहा. मी उड्या मारल्या न्हाईत. भोरच्या स्टँडवर पेढे मात्र वाटले, कंडक्टरला सुद्धा.

गेल्या महिन्यात भोरला मुलींच्या कुस्त्या झाल्या. प्रेरणानं अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला व्हता. वजन करताना बाईंनी कोपर बघितलं, पत्र बघितलं आन् शिक्का मारला. मालक माज्या शेजारी बसले, हात मांडीवर, उघडे. कुस्ती सुरू झाली तवा त्यांचं लक्ष पोरीच्या पायाकडं न्हवतं, मानंकडं न्हवतं. नुसतं तिच्या मुठीकडं. तिनं समोरच्या पोरीचं मनगट धरलं. ती पोरगी सोडवायला बघती, वळती, झटके देती. मूठ काय सुटली न्हाई. मालकांनी माजा हात असा गच्च धरला, म्हंजे त्यांना जमंल तेवढा गच्च, आन् त्यांच्या तोंडातनं "हाय, मूठ हाय" असं काहीतरी निघत व्हतं.

आन् मग प्रेरणा हरली. त्या पोरीनं वाकून पाय उचलला आन् आमची पोरगी उताणी. शिट्टी वाजली. मी डोळे मिटले. मला वाटलं, एवढं समदं करून... मालक उठले. मला वाटलं, आता पोरीला जवळ घेत्यात, पाठीवरनं हात फिरवत्यात. दुखणं आल्यापासनं ते तिला काचेच्या बरणीसारखी वागवत व्हते.

त्यांनी तिची पिशवी खांद्याला अडकवली आन् टेम्पोकडं चालाया लागले. टेम्पो सुरू झाला आन् त्यांचा आवाज सुटला. "डावा पाय पुढं कुणी ठेवाया सांगितला व्हता? तीनदा शिकवलंय! मनगट धरलं की लगेच बसायचं, तू उभी काय राहिलीस? फोटो काढायचा व्हता?"

"तुमी मातीतले पप्पा, मॅटवर असं बसत न्हाईत!"

"न्हाईत म्हणून तर पडलीस!"

"मी पडले कारण ती माज्यापेक्षा भारी व्हती!"

"मग तिच्यापेक्षा भारी हो! उद्या पहाटे तालमीत ये. कारण सांगायचं न्हाई."

"येते ना! घाबरते काय?"

मी मधी बसले व्हते, एकीकडनं बाप वरडतोय, दुसरीकडनं लेक. माज्या डोळ्यांतनं पाणी थांबंना आन् हसू बी थांबंना. घर येईपातुर त्यांचं भांडण चाललं व्हतं, आन् एवढ्या भांडणात आजाराचा एक शब्द न्हवता. समदं कुस्तीचं.